जीवाणूंकडून पाण्यातलं फ्लोराइड काढणं: प्रयोगाची आखणी तपासून हवी आहे

कोरडवाहू
मंडळी, भूजलातलं फ्लोराइड जीवाणूंच्या मदतीने कमी करण्याच्या प्रयोगाची आखणी करतो आहे. जाणकारांनी खोट काढावी, हातचं राखू नये.

पाणी असं धरलं आहे: फ्लोराइड ४ मिग्रॅ/लिटर, पीएच ८.२, क्षारता ४२० मिग्रॅ/लिटर (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने), कॅल्शियम २४ मिग्रॅ/लिटर. गाठायचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा, म्हणजे १.५ च्या खाली.

१) फ्लोराइडयुक्त भागातल्या मातीतून जीवाणू काढायचे. सोडियम फ्लोराइड घातलेल्या आगरवर (जीवाणू वाढवायच्या जेलीवर) वाढवून सगळ्यात जास्त फ्लोराइड सहन करणारा वाण निवडायचा.
२) तो पोषक द्रवात, २० मिग्रॅ/लिटर फ्लोराइड देऊन, ३० अंशांवर शेकरमध्ये आठवडाभर ठेवायचा.
३) रोज नमुना घेऊन स्पॅडन्स पद्धतीने (रंग किती उडाला त्यावरून) फ्लोराइड मोजायचं.
४) आकडा उतरला तर तोच वाण अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीच्या) मण्यांत कोंडून कॉलम भरायचा.

प्रश्न: जिवंत पेशी बऱ्या की मेलेल्या? लिटरभर पाण्याला किती पेशी लागतील? आणि यातून घरगुती फिल्टर होऊ शकेल का?

सूक्ष्मदर्शी
पहिल्याच पायरीत घोळ आहे. फ्लोराइड सहन करणं वेगळं आणि फ्लोराइड काढणं वेगळं.

जीवाणू फ्लोराइड सहन करतात ते बहुतेक वेळा त्याला पेशीबाहेर हाकलून. त्यासाठी त्यांच्या पटलात 'फ्लुक' नावाची वाहिनी असते (जनुक सीआरसीबी), काहींमध्ये सीएलसी कुळातला फ्लोराइड-प्रोटॉन अदलाबदल करणारा पंप. पेशीत फ्लोराइड वाढलं की ते ओळखून ही जनुकं चालू करणारा रायबोस्विच (आरएनएमधली कळ) २०१२ मध्ये येल विद्यापीठातल्या गटाने दाखवला. सीआरसीबी काढून टाकलेली ई. कोलाय मूळ वाणाच्या मानाने कैक पटींनी नाजूक होते.

तेव्हा आगरवर फ्लोराइड चढवत नेऊन जो टिकेल तो उचलला, तर फ्लोराइड बाहेर फेकण्यात सगळ्यात पटाईत वाणच हाती येणार. तुम्हाला नेमका उलटा हवा आहे.

शिवाय ४ मिग्रॅ/लिटर म्हणजे जेमतेम ०.२१ मिलिमोल. साधे जीवाणू यापेक्षा कितीतरी जास्त सहज सोसतात. त्या पाण्यासाठी खास सोशिक वाण शोधायची गरजच नाही.

खडूस
थोडक्यात, घर रिकामं ठेवण्यात पहिला नंबर आलेल्याला कोठार सांभाळायला ठेवताय. हलकेच घ्या.

रेणुका_७
सूक्ष्मदर्शींना अनुमोदन. थोडी भर.

फ्लोराइड हे मूलद्रव्याचं आयन आहे. डिझेल किंवा फिनॉल जीवाणू खाऊन संपवतात, तसं याचं होत नाही. ते पाण्यातून उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं. जागा तीनच: पेशीच्या आत, पेशीच्या पृष्ठभागावर, किंवा एखाद्या अविद्राव्य क्षारात. म्हणून 'काढलं' असं म्हणताना 'ठेवलं कुठे' याचं उत्तर द्यावंच लागतं.

पेशीच्या आतला मार्ग या पाण्यात बंदच आहे. पटलातून आरपार जातं ते प्रामुख्याने हायड्रोजन फ्लोराइड (पीकेए ३.२, म्हणजे पीएच ३.२ ला ते निम्मं फुटलेलं असतं). आत ते पुन्हा फुटतं. हाकलणारी वाहिनी नाही असं धरलं तरी आतबाहेरचं गुणोत्तर पीएचच्या फरकावर ठरतं. बाहेर ५.५ आणि आत ७.५ असेल तर आत शंभरपट साठू शकतं. पण बाहेर ८.२ आणि आत साधारण ७.६ असेल तर आतलं फ्लोराइड बाहेरच्या चौथ्या हिश्शाएवढंच राहतं. फ्लोराइडची भूजलं बहुधा अशीच, सोडियम-बायकार्बोनेटची, कमी कॅल्शियमची आणि अल्कधर्मी असतात.

आणि आत साठलंच, तर ते इनोलेज आणि पायरोफॉस्फटेज ही विकरं अडवतं, म्हणजे पेशीचं कामच मंदावतं.

डोंगरकाठ
मग जिवंत जीवाणूंनी ६०-८० टक्के फ्लोराइड काढल्याचे निष्कर्ष छापून येतात, ते सगळे खोटे का? असं सरसकट उडवून लावणं पटत नाही.

सूक्ष्मदर्शी
खोटे नव्हेत. आकडा खरा असू शकतो, श्रेय चुकीच्या खात्यावर पडतं. पेप्टोन-यीस्ट अर्काच्या द्रवात वाढताना जीवाणू अमिनो आम्लं मोडतात, अमोनिया सुटतो, पीएच ८.५ च्या वर जातो. द्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही असतात. पीएच चढला की कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसायला लागतो आणि फ्लोराइड त्यात जाऊन बसतं. जीवाणूंनी केलं ते पीएच चढवण्याचं काम. तेच चमचाभर कॉस्टिक सोड्याने (सोडियम हायड्रॉक्साइडने) झालं असतं.

हे तपासणं सोपं आहे: पेशी न घालता त्याच द्रवाचा पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने तितकाच चढवायचा आणि फ्लोराइड मोजायचं. हा ताळा दिलेला नसेल तर त्या ६०-८० टक्क्यांवर माझा तरी भरवसा बसत नाही.

टीपकागद
मोजणीबद्दल कोणी बोललेलं नाही आणि अर्धे घोटाळे तिथेच होतात. सविस्तर लिहितो.

स्पॅडन्स या कामाला नको. त्याची थेट मोजण्याची कक्षा १.४ मिग्रॅ/लिटरपर्यंत. तुमचा २० चा नमुना वीसपट पातळ करणार, म्हणजे चूकही वीसपट. त्यात पोषक द्रवातलं फॉस्फेट झिर्कोनियमला धरून रंग उडवतं, ते फ्लोराइड म्हणून वाचलं जातं. अॅल्युमिनियम उलट करतं: ०.१ मिग्रॅ/लिटर असलं तरी वाचन खाली येतं. यीस्ट अर्काचा पिवळसर रंग आणि पेशींचा गढूळपणा आहेच.

लँथेनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड वापरा. सोबत टिसॅब (पीएच आणि आयनांचं प्रमाण एकसारखं ठेवणारं द्रावण) हवंच. कृती: ५०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात ५७ मिली ग्लेशियल अॅसेटिक आम्ल, ५८ ग्रॅम मीठ (सोडियम क्लोराइड), ४ ग्रॅम सीडीटीए (धातूंना धरून ठेवणारा पदार्थ). भांडं थंड पाण्यात ठेवून ६ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सावकाश घालत पीएच ५.३ ते ५.५ वर आणा, गार झाल्यावर एक लिटर करा. नमुना आणि टिसॅब समसमान.

ते का लागतं: पीएच ५ च्या खाली फ्लोराइडचा काही भाग हायड्रोजन फ्लोराइड होतो आणि इलेक्ट्रोडला दिसत नाही. ८ च्या वर हायड्रॉक्साइडलाच तो फ्लोराइड समजतो. अॅल्युमिनियम, लोह यांनी धरलेलं फ्लोराइड सीडीटीए सोडवतं. टिसॅबशिवाय घेतलेलं वाचन 'काढलं' आणि 'लपलं' यात फरक करू शकत नाही.

प्रमाण द्रावण: वाळवलेलं सोडियम फ्लोराइड २.२१ ग्रॅम एक लिटरमध्ये, म्हणजे १००० मिग्रॅ/लिटर फ्लोराइड. त्यातून ०.५, १, २, ५, १० असे बनवा, पण साध्या पाण्यात नव्हे, ज्या द्रवात प्रयोग आहे त्याच द्रवात. पातळाकडून घट्टाकडे मोजत जा. दर दसपटीला ५४ ते ६० मिलिव्होल्टचा उतार मिळायला हवा. त्याहून कमी येत असेल तर इलेक्ट्रोडचं टोक पुसा, आतलं द्रावण बदला. चुंबकी ढवळणीची तबकडी गरम होते, तिच्यावर थर्मोकोलचा तुकडा ठेवा, नाहीतर वाचन सरकत राहतं.

कोरडवाहू
टीपकागद, दंडवत. काचेच्या फ्लास्कमध्ये ठेवलं तर फ्लोराइड काचेला लागून कमी होईल का?

टीपकागद
पीएच ७-८ ला फारसं नाही. पण आम्लाने धुवायच्या किंवा साका विरघळवायच्या पायरीला काच नको. सुरुवातीपासून सगळं पॉलिप्रोपिलीनमध्ये केलं की हा वाद उरत नाही.

याहून मोठा घोटाळा ऑटोक्लेव्हचा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करण्याचा). कॅल्शियम, फॉस्फेट आणि फ्लोराइड एकत्र घालून ऑटोक्लेव्ह केलं तर जीवाणू घालायच्या आधीच तळाला साका दिसतो. फ्लोराइडचं द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून वेगळं गाळा आणि द्रव गार झाल्यावर घाला. शेकरमध्ये आठवडाभर पाणी उडतं, म्हणून फ्लास्क आधी-नंतर वजन करा. पाणी उडालं की फ्लोराइड वाढलेलं दिसेल आणि जीवाणूंनी काढलेलं झाकलं जाईल.

हिशेबनीस
'लिटरभर पाण्याला किती पेशी' हा प्रश्न राहिलाच. आकडे मांडू.

१० लिटर पाणी ४ वरून १ वर आणायचं म्हणजे ३० मिग्रॅ फ्लोराइड उचलायचं. पाण्यात १ मिग्रॅ/लिटर शिल्लक असताना एक ग्रॅम कोरड्या पेशी १ मिग्रॅ धरतात असं उदारपणे मानू. तर ३० ग्रॅम कोरड्या पेशी लागल्या. ओडी (कल्चर प्रकाश किती अडवतं त्याचं माप) १ म्हणजे ढोबळमानाने लिटरला ०.३ ते ०.४ ग्रॅम. फ्लास्कमधलं चांगलं वाढलेलं कल्चर लिटरला ग्रॅम-सव्वा ग्रॅम देतं. म्हणजे १० लिटर पाणी शुद्ध करायला २५-३० लिटर पोषक द्रव.

ते पाणी शुद्ध करण्यापेक्षा तो द्रव पिणं सोपं :)

आत साठवण्याचा हिशेब तर आणखी गंमतीचा. एक ग्रॅम कोरड्या पेशींत पाणी दोन-तीन मिली. त्यात बाहेरच्या दहापट फ्लोराइड भरलं तरी ०.१ मिग्रॅच्या आसपास.

डोंगरकाठ
१ मिग्रॅ/ग्रॅम कुठून आणलं? बायोसॉर्प्शनचे (पेशींच्या पृष्ठभागावर चिकटण्याचे) आकडे ५-१० मिग्रॅ/ग्रॅमचेही असतात.

हिशेबनीस
ते लँगम्यूरच्या सूत्रातलं (पृष्ठभाग किती धरतो ते सांगणाऱ्या) कमाल मूल्य. ५०-१०० मिग्रॅ/लिटरच्या द्रावणात, पीएच ४-५ ला, ऊर्ध्वपातित पाण्यात मोजलेलं. आपलं पाणी शेवटी १ मिग्रॅ/लिटरला टेकायला हवं. वक्राच्या त्या टोकाला किती धरतं ते बघायचं, डोंगराचा माथा किती उंच ते नाही. पीएच ८.२ ला जीवाणूचा पृष्ठभाग ऋणभारित असतो (बहुतेकांचा समविद्युत बिंदू, म्हणजे भार शून्य होण्याचा पीएच, २ ते ४ मध्ये), फ्लोराइडही ऋण. दोघं एकमेकांपासून लांबच राहणार. वर बायकार्बोनेट जागा अडवायला बसलेलं. तेव्हा १ देखील मी वाढवूनच धरलं आहे.

उंटावरचा_शहाणा
पेशींवर कॅल्शियम, झिर्कोनियम किंवा लँथेनम चढवलं तर? मेलेल्या पेशी, आम्लाने धुतलेल्या, मग धातूच्या क्षारात भिजवलेल्या. त्यांना खाऊ घालावं लागत नाही, रोगाचा प्रश्न मिटतो, आणि धन भार असलेल्या धातूवर फ्लोराइड बसतं.

सूक्ष्मदर्शी
बसतं, यात शंका नाही. कोरडवाहूंच्या 'जिवंत की मेलेल्या' प्रश्नाचं उत्तर पृष्ठभागापुरतं तरी 'मेलेल्या' हेच. पण मग काम धातू करतो आणि जीवाणू फक्त त्याला बसायला जागा देतो. तेवढ्यासाठी जीवाणूच हवा असं नाही, लाकडाचा भुसाही चालेल. आणि धातू पाण्यात किती सुटतो ते मोजल्याशिवाय असा पदार्थ पिण्याच्या पाण्याला लावू नये.

चुनखडी
जीवाणूंना सगळेच झोडपताय म्हणून दुसरी बाजू. यांचा खरा उपयोग साका बसवण्यात आहे. स्पोरोसार्सिना पाश्चुरीसारखे युरिया मोडणारे जीवाणू घ्या. युरियाच्या एका रेणूमागे एक कार्बोनेट आणि दोन अमोनियम. पीएच ९ च्या आसपास जातो. कॅल्शियम घातलं की कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) बनतं आणि फ्लोराइड त्यात आणि कॅल्शियम फ्लोराइडच्या रूपात खाली बसतं. पेशीची भिंत स्फटिकाला सुरुवात करून देते. ठेवलं कुठे, या रेणुका_७ यांच्या प्रश्नाला इथे खणखणीत उत्तर आहे: दगडात. अॅसिनेटोबॅक्टरचे काही वाण नायट्रेट मोडता मोडता पीएच चढवतात, त्यांच्यावरही असं काम झालं आहे.

रेणुका_७
दिशा बरोबर, पण कॅल्शियम फ्लोराइडवर भिस्त ठेवू नका. त्याचा विद्राव्यता गुणाकार २५ अंशांना सुमारे ३.४५ गुणिले १० चा उणे ११ वा घात. निव्वळ पाण्यात त्याच्याशी तोलून ८ मिग्रॅ/लिटरच्या आसपास फ्लोराइड राहतं. १.५ वर आणायला कॅल्शियम सुमारे २२० मिग्रॅ/लिटर ठेवावं लागेल, आणि पाण्यातल्या बाकीच्या क्षारांमुळे त्याहूनही जास्त. ४ मिग्रॅ/लिटर आणि कॅल्शियम २४ या पाण्यात कॅल्शियम फ्लोराइड बसायला सुरुवातच होत नाही. कॅल्साइटसोबत जे ओढलं जाईल तेवढंच.

हिशेबनीस
आणि अमोनिया? ५ मिलिमोल कॅल्शियम (२०० मिग्रॅ/लिटर) बसवायला ५ मिलिमोल युरिया, म्हणजे ३०० मिग्रॅ/लिटर. त्यातून १० मिलिमोल अमोनियम, १८० मिग्रॅ/लिटर. पीएच ९ ला त्यातला चांगला तिसरा हिस्सा अमोनिया वायूच्या रूपात, नाकाला लगेच कळेल. नायट्रोजनच्या भाषेत १४० मिग्रॅ/लिटर. क्लोरीनने तो संपवायचा तर सैद्धांतिक ७.६ पट, व्यवहारात दहापट: लिटरला १४०० मिग्रॅ क्लोरीन! फ्लोराइड राहिलं बाजूला.

चुनखडी
अमोनिया हवेने उडवता येतो, नायट्रीकरण करता येतं. तेवढ्यावर मार्ग बाद होत नाही.

रेणुका_७
नायट्रीकरणाने १४० मिग्रॅ/लिटर नायट्रोजन म्हणजे ६२० मिग्रॅ/लिटर नायट्रेट. मर्यादा ५०. एक काटा काढून दुसरा टोचला.

खरं म्हणजे या पाण्यात क्षारता ४२० आहे, म्हणजे ८.४ मिलिमोल बायकार्बोनेट आधीच हजर. कार्बोनेटसाठी युरियाच्या दारात जायचं कारण नाही. चुन्याची निवळी घातली की पीएच चढतो, कॅल्शियमही मिळतं, कार्बोनेटही. जीवाणूंशिवाय.

साधा_माणूस
अवांतर: पाणी उकळून फ्लोराइड जातं का? आणि साधं क्लोरीन टाकून?

टीपकागद
दोन्हीने जात नाही. उकळल्यावर पाणी कमी होतं, फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं.

उंटावरचा_शहाणा
'कायमस्वरूपी रसायनं' म्हणवणारे फ्लोरिनयुक्त पदार्थ मोडणारे जीवाणू सापडले आहेत ना? तेच इथे सोडा.

सूक्ष्मदर्शी
ते कार्बन-फ्लोरिनचा बंध तोडतात आणि तोडल्यावर बाहेर पडतं ते फ्लोराइडच. फ्लोरोअॅसिटेट मोडणारे वाणही तसेच. इथे सोडले तर त्यांना करायला काहीच नाही.

खडूस
आणि करायला काही मिळालंच तर फ्लोराइड वाढेल. छान.

वीजपाणी
जाता जाता, मायक्रोबियल डिसॅलिनेशन सेल कोणी घेतला नाही. तीन कप्पे. अॅनोडवर जीवाणू सेंद्रिय पदार्थ मोडून वीज तयार करतात, मधल्या कप्प्यातली ऋण आयनं ऋणायन-विनिमय पटलातून अॅनोडकडे ओढली जातात. फ्लोराइडही जातं. इथे जीवाणू पिण्याच्या पाण्याला शिवतही नाहीत. तोटा असा की पटल फ्लोराइडला वेगळं ओळखत नाही. क्लोराइड, बायकार्बोनेट यांच्या गर्दीत त्याचा नंबर लागायचा. वेग कमी, आणि पटलावर जीवाणूंचा बुळबुळीत थर बसला की रोध वाढतो.

मणीमंगळ
अल्जिनेटच्या मण्यांबद्दल, कारण चौथी पायरी तीच आहे.

सोडियम अल्जिनेट २ टक्के. पाणी जोरात ढवळत भुकटी थोडी थोडी भुरभुरवा, एकदम ओतली की गुठळ्या होतात आणि सुटत नाहीत. बुडबुडे निघेपर्यंत ठेवा. मग पेशींचा दाट लगदा मिसळा आणि २१-२२ गेजच्या सुईतून ०.२ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडा. उंची कमी असेल तर मण्याला शेपूट येते. दोन-तीन तास मुरू द्या आणि धुवा, अगदी धुण्याच्या पाण्याची वाहकता स्थिर होईपर्यंत. नाहीतर सुटं कॅल्शियम बाहेर येऊन पहिल्या काही तासांत फ्लोराइड फार छान उतरलेलं दिसतं.

बिनपेशींचे मणी हा ताळा विसरू नका. कॅल्शियम अल्जिनेट स्वतःही थोडं फ्लोराइड धरतं.

या पाण्यात काय होईल: सोडियम मण्यातलं कॅल्शियम बाहेर ढकलतं, मणी फुगतो, बोटात दाबला तर चिरडतो. बायकार्बोनेटमुळे आत कार्बोनेट बसून पारदर्शक मणी खडूसारखा पांढरा दिसायला लागतो. कॉलममध्ये खालचे मणी चपटे होऊन पाणी अडतं. फॉस्फेट किंवा सायट्रेट असलेला द्रव तर लावूच नका, मणी विरघळतात. घट्टपणासाठी काही जण कॅल्शियमऐवजी बेरियम घेतात. बेरियम विषारी आहे, पिण्याच्या पाण्याला अजिबात नको.

चुनखडी
मणीमंगळ, पांढरा मणी म्हणजे बिघाडच असं नाही. त्या कार्बोनेटवर फ्लोराइड बसू शकतं.

मणीमंगळ
बसेल. पण मण्याची छिद्रं बुजली की आतल्या पेशी नुसत्या ओझ्याला.

पाणपोई
पाणी शुद्धीकरणाच्या बाजूने बोलतो. जिवंत जीवाणू असलेल्या कॉलममधून पेशी बाहेर येणारच. मातीतून काढलेल्या वाणांत स्युडोमोनास एरुजिनोसा, अॅसिनेटोबॅक्टर बाउमानी यांसारखे अशक्त माणसाला गाठणारे निघू शकतात. १६एस या ओळख पटवणाऱ्या जनुकाचा अनुक्रम पाहून ओळख पटल्याशिवाय मोठ्या प्रमाणात वाढवू नका. कॉलमनंतर गाळणी, गढूळपणा १ एनटीयूच्या खाली, मग क्लोरीन, किमान ३० मिनिटं, शेवटी ०.२ ते ०.५ मिग्रॅ/लिटर शिल्लक. पण पोषक द्रवाचा अंश उरला असेल तर तो क्लोरीन खातो आणि पुढे नळीत जीवाणूंना खाद्य होतो. म्हणूनच जिवंत जीवाणूंचा घरगुती फिल्टर मला कागदावरही नको वाटतो.

वापरलेल्या पेशींचं काय करणार तेही ठरवा. उकिरड्यावर टाकल्या तर कुजतील आणि फ्लोराइड परत मातीत. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने धुऊन काढलं तर त्या थोडक्या पाण्यात फ्लोराइड कितीतरी पट घट्ट. तिथे मात्र कॅल्शियम घालून कॅल्शियम फ्लोराइड बसवणं शहाणपणाचं, कारण फ्लोराइडची सुरुवातच ८ मिग्रॅ/लिटरच्या खूप वर आहे.

खडूस
म्हणजे फिरून नेहमीचंच, सक्रिय अॅल्युमिना (फ्लोराइड धरणारे अॅल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे) आणि तुरटी-चुना. धागा संपला?

पाणपोई
त्यांचीही रड आहे. अॅल्युमिना पीएच ५.५-६ ला उत्तम, ८.२ ला क्षमता बरीच घसरते. १ टक्का सोडियम हायड्रॉक्साइडने धुवायचा, मग सौम्य आम्लाने उदासीन करायचा, आणि प्रत्येक धुण्यात थोडा अॅल्युमिना जातो. नागपूरच्या नीरीने बसवलेल्या नालगोंडा पद्धतीत (तुरटी आणि चुना) गाळ भरपूर, आणि पीएच चुकला तर पाण्यात अॅल्युमिनियम राहतं. आरओने फ्लोराइड जातं, पण फेकायच्या पाण्यात ते घट्ट होऊन बसतं. तेव्हा शोध चालू ठेवण्यात गैर काही नाही. फक्त जीवाणूला कुठल्या जागी बसवायचं ते नीट ठरवा.

रेणुका_७
जागा सुचवते: अॅपेटाइट (हाडा-दातांतलं कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज). फ्लोरअॅपेटाइटची विद्राव्यता कॅल्शियम फ्लोराइडच्या मानाने फारच कमी, त्यामुळे १.५ च्या खाली जाण्यात रसायनशास्त्र आडवं येत नाही. हाडांचा कोळसा चालतो तोही मुख्यतः हायड्रॉक्सीअॅपेटाइटमुळेच. फॉस्फटेज भरपूर असलेले जीवाणू, सेराशियाचे काही वाण, ग्लिसरॉल-२-फॉस्फेट मोडून फॉस्फेट सोडतात, आणि कॅल्शियम असेल तर पेशीभोवती अतिशय बारीक स्फटिकांचं हायड्रॉक्सीअॅपेटाइट बनतं.

३ मिग्रॅ/लिटर फ्लोराइडसाठी किमान हिशेब: कॅल्शियम ३२ आणि फॉस्फेट ४५ मिग्रॅ/लिटर. प्रत्यक्षात जास्तच लागेल, कारण स्फटिकातल्या सगळ्या जागा फ्लोराइड घेत नाही. मॅग्नेशियम आणि कार्बोनेट स्फटिक नीट घडू देत नाहीत, चिकट अस्फटिक साका येतो.

माझं मत: हे थेट पिण्याच्या पाण्यात करू नका. जीवाणूंकडून अॅपेटाइट वेगळ्या भांड्यात बनवून घ्या, धुवा, तापवा, पेशी मारा, आणि उरलेला खनिज पदार्थ कॉलममध्ये भरा. फॉस्फेटचा अंश, रोगजंतू, गळती, सगळं भांड्यातच राहतं.

चुनखडी
याला माझंही अनुमोदन. तापवताना फार चढवू नका. स्फटिक मोठे झाले की पृष्ठभाग घटतो, आणि बारीक स्फटिक हाच तर जीवाणूकडून घेण्यातला फायदा आहे.

डोंगरकाठ
मान्य, पण रासायनिक रीतीने बनवलेलं अॅपेटाइट शेजारी ठेवून तुलना हवी. जीवाणूवालं सरस निघालं नाही तर एवढा खटाटोप कशाला?

कोरडवाहू
वाचनखूण साठवली. आखणी बदलून देतो.

सोशिक वाण शोधणं रद्द. पाणी वरच्याच घडणीचं कृत्रिम, फ्लोराइड २० ऐवजी ४. पॉलिप्रोपिलीन, इलेक्ट्रोड आणि टिसॅब. फ्लोराइड वेगळं गाळून. पदार्थ चार: जीवाणूंनी घडवलेलं अॅपेटाइट, रासायनिक अॅपेटाइट, नुसत्या मेलेल्या पेशी, आणि काहीच नाही. सगळ्यांचा पीएच अखेरपर्यंत नोंदवायचा. शेवटी साका विरघळवून फ्लोराइडचा ताळेबंद.

दोन शंका. ताळेबंदासाठी साका कसा विरघळवायचा? आणि पेशी मारायला सोडियम अझाइड चालेल का, की ऑटोक्लेव्ह?

हिशेबनीस
ताळेबंद: ५० मिली पाण्यात ४ मिग्रॅ/लिटर म्हणजे ०.२ मिग्रॅ. ते २ वर आलं तर साक्यात ०.१ मिग्रॅ सापडायला हवं. साका ५ मिली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, झाकण घट्ट लावून, न तापवता विरघळवा. तो २० मिग्रॅ/लिटर वाचायला हवा. साका जास्त असेल तर आम्ल पुरणार नाही, गढूळपणा राहिला की थोडं वाढवा आणि हिशेबात धरा. ९० ते ११० टक्के जुळलं तर बरं, ६० टक्केच सापडलं तर कुठेतरी गळती आहे.

टीपकागद
विरघळवलेला नमुना टिसॅबमध्ये घातल्यावर पीएच एकदा तपासा. आम्ल जास्त झालं तर टिसॅबला पेलत नाही, ५ च्या खाली घसरतं आणि वाचन कमी येतं. सोडियम अॅसिटेटने वर आणा.

अझाइड नको. टिसॅबच्या आम्लात त्यातून हायड्रॅझोइक आम्ल सुटतं, ते विषारी आणि उडून जाणारं. ऑटोक्लेव्हने पेशी फुटतात आणि आतलं फॉस्फेट बाहेर येतं, मग तुमच्या मेलेल्या पेशीच अॅपेटाइट बसवायला लागतात. ६५ अंशांवर तासभर ठेवा, तीनदा धुवा, आगरवर थेंब टाकून काही उगवत नाही याची खात्री करा. बीजाणू करणारा वाण असेल तर ६५ ला मरणार नाही, त्याऐवजी सेराशियासारखा बीजाणू न करणारा घ्या.